धुतलेले पाय, रुतलेले पाय

चिखल हे समाजाचे रूपक म्हणून भारतीय वाङ्मयात निदान दोन हजार वर्षे वापरात आहे. एवढ्या काळात त्याचा अर्थ एकच राहिलेला नाही. तो कधी पिकाची आई झाला, कधी डाग, कधी सापळा, तर कधी हातातले शस्त्र. यातला कोणता अर्थ निघतो हे बहुतेक वेळा बोलणारा कुठे उभा आहे यावर ठरते: काठावर, की गुडघाभर आत. पालघर जिल्ह्यातील घिवली, तारापूर, चिंचणी या किनारपट्टीवर आणि तिच्या मागच्या डोंगरपट्ट्यात हे सगळे अर्थ पुस्तकाबाहेरही भेटतात, म्हणून या रूपकाचा इतिहास तिथून सुरू करणे सोयीचे आहे.

खाडीकाठच्या माणसाच्या लेखी चिखल ही एकच वस्तू नाही. ओहोटीला उघडा पडणारा मऊ काळसर गाळ वेगळा. त्यावर निवट्या उड्या मारतात, तिवरांच्या मुळांशी चिंबोऱ्यांची बिळे असतात आणि पाय कुठे टाकायचा हे ठाऊक नसलेला माणूस मांडीपर्यंत आत जातो. भरतीच्या पाण्याखाली येणारी सखल खारट जमीन म्हणजे खाजण. तिला मातीचा बांध घालून समुद्र अडवला आणि पावसाच्या पाण्याने काही वर्षे मीठ धुऊन निघाले, की तीच जमीन भाताखाली येते. मिठागरातला चिखल आणखी निराळा. त्याचा तळ पायांनी तुडवून असा घट्ट करावा लागतो की पाणी जिरू नये आणि मिठाला मातीचा रंग लागू नये. थोडे पूर्वेला, बोईसरपलीकडे, आषाढातल्या भातखाचरात नांगर फिरवून चिखल मुद्दाम केला जातो. त्याला चिखलणी म्हणतात, आणि आवणीचे रोप त्यातच जीव धरते.

यांतली खाजणबंदिस्ती ही मुळातच एक सामाजिक रचना आहे. बांध कोणा एकाच्या शेतापुरता नसतो. एका ठिकाणी खिंडार पडले की खारे पाणी सगळ्यांच्या खाचरांत शिरते आणि पुढची काही वर्षे जमीन नापीक होते. म्हणून भरती-ओहोटीचे वेळापत्रक, पाणी सोडायची उघाडी आणि बांधावर चिखल चढवायची पाळी या गोष्टी गावाने मिळून सांभाळाव्या लागत. गोव्यात हेच काम गावकारीकडे होते आणि उघाडीला तिकडे मानस म्हणतात. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४८ मध्ये खारजमिनींसाठी कायदा केला, महाराष्ट्राने १९७९ मध्ये नवा केला, आणि बांधाची जबाबदारी हळूहळू गावाकडून खात्याकडे गेली. मातीच्या बांधावर तगलेला समाज हे रूपक एखाद्या कवीला सुचायला हवे होते. मराठीच्या जुन्या ग्रंथांत मात्र चिखलाची ठळक रूपके आली ती दुसरीकडून.

‘चिखल’ हा शब्द प्राकृतातल्या ‘चिक्खल्ल’ या शब्दापासून आला आहे. संस्कृत ग्रंथकारांना ‘पंक’ आणि ‘कर्दम’ अधिक आवडीचे होते. ऋग्वेदाच्या खिलभागातील श्रीसूक्तात कर्दम आणि चिक्लीत या दोघांना लक्ष्मीशी जोडले आहे. दोन्ही नावांच्या मुळाशी ओली माती आणि ओलावा आहे. संपत्तीची देवता ओल्या मातीच्या नात्यातली आहे, हे शेती करणाऱ्या समाजाला समजावून सांगावे लागले नसेल.

हीच समजूत हाल सातवाहनाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘गाथासप्तशती’त अगदी घरगुती रूपात दिसते. महाराष्ट्री प्राकृतातला हा संग्रह मराठी मुलखातल्या खेड्याचे सर्वांत जुने वाङ्मयीन चित्र मानला जातो. स. आ. जोगळेकरांच्या १९५६ च्या आवृत्तीमुळे तो मराठी वाचकांच्या हाती नीट आला. त्यातल्या एका गाथेत नांगऱ्याला आपले भाताचे शेत लेकरासारखे वाटते. शेतही चिखलाने माखलेले असते, तेही नुसते पीत असते आणि तेही गुडघ्याशी लोळत असते. दुसऱ्या एका गाथेत फाल्गुनाच्या सणात कोणीतरी एका तरुणीच्या अंगावर चिखल माखला आहे, आणि तो धुण्याची तिची धडपड बघून कोणी तिला चिडवते आहे. तिथे चिखल हा दागिना आहे आणि सणाच्या दिवशी त्यात दोष नाही. शिमग्याच्या धुळवडीत चिखल उडवण्याची रीत किती जुनी आहे याचा हा पुरावाच म्हणायचा. गोव्यात माशेलच्या देवकीकृष्णाच्या देवळापुढे आषाढात होणारा चिखलकालो याच कुळातला. तिथे चिखलात लोळल्यावर कोण कुठल्या घरचा हे ओळखू येत नाही, आणि ती मुभा वर्षातल्या त्या एका दिवसापुरती असते.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त माती आणि चिखल दोन्ही कथेच्या मध्यभागी आहेत. नाटकाचे नावच चारुदत्ताच्या लहानग्याच्या मातीच्या गाडीवरून आले आहे. त्याला शेजारच्या मुलासारखी सोन्याची गाडी हवी असते. वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत घालते आणि तिथून कथेचा गुंता वाढत जातो. पण समाजाच्या दृष्टीने अधिक बोलका प्रसंग पाचव्या अंकात आहे. भर पावसात वसंतसेना चारुदत्ताच्या दारी येते. तिच्या पैंजणांना चिखल लागला आहे आणि ती आत जाण्यापूर्वी पाय धुते आहे. गणिका, दरिद्री झालेला ब्राह्मण आणि मधला उंबरठा. त्या उंबरठ्याशी नेमके काय धुतले गेले याचा नाटककाराने उच्चार केलेला नाही, आणि तेच बरे केले. गोविंद बल्लाळ देवल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे नाटक संगीत नाटकाच्या रूपात मराठी रंगभूमीवर आणले. गुराख्याच्या घरी वाढलेला आर्यक पालक राजाला उलथून टाकतो ही या नाटकातली उपकथा गाण्यांच्या लोकप्रियतेत थोडी झाकली गेली.

महाभारतातल्या कर्णाची गोष्ट मराठी माणसाला रथाचे चाक चिखलात रुतल्याची म्हणून ठाऊक असते. कर्णपर्वात शापामुळे पृथ्वीच चाक गिळते. चिखल हा नंतरच्या कथनांनी आणि कीर्तनांनी घातलेला तपशील आहे. हा बदल सहज झाला, पण त्याने अर्थ हलवला. गिळणारी पृथ्वी म्हणजे दैव. चिखल मात्र माणसांच्या वाटेवरचा असतो आणि त्यात सूतपुत्रच का अडकला असा प्रश्न विचारता येतो. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने १९६७ मध्ये तो प्रश्न घरोघर नेला.

आणि मग मनुस्मृती. तिच्या आठव्या अध्यायातल्या एकविसाव्या श्लोकाचा आशय असा, की ज्या राजाच्या दरबारी शूद्र धर्मनिर्णय करतो, त्याचे राष्ट्र त्याच्या डोळ्यांदेखत चिखलात रुतणाऱ्या गाईसारखे खचते. चिखल आणि समाज यांची इतकी थेट सांगड प्राचीन वाङ्मयात क्वचित सापडेल. रूपक म्हणून ते पकड घेणारे आहे. पावसाळ्यात गाय चिखलात फसलेली ज्याने पाहिली आहे, त्याला तिचा तो संथ, हताश उतार विसरता येत नाही. मात्र हे रूपक एक गोष्ट लपवते. फसलेली गाय काढायला जे चिखलात उतरतात, दोर बांधतात, खांदा लावतात, ते बहुधा याच श्लोकाने न्यायासनापासून दूर ठेवलेले लोक असत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह झाला होता. पाणी कोणामुळे बाटते, हा त्या तळ्याकाठचा वाद होता.

संतांच्या काळात चिखल उलट्या दिशेने वापरला गेला. तेरचे गोरोबा कुंभार हे या बदलाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. भजनात दंग होऊन चिखल तुडवताना स्वतःचे रांगते मूल पायाखाली आले तरी त्यांना कळले नाही, ही कथा महिपतीने १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त सांगितली आहे. कथा भीषण आहे आणि तिचा भक्तिपर शेवट आजच्या वाचकाला सहज पचत नाही. दुसरी कथा हलकी आहे. संतांच्या मेळ्यात गोरोबा थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणत जातात, आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरते. भाजलेले कोण आणि कच्चे कोण याचा निवाडा इथे कुंभार करतो. मनूच्या श्लोकाला याहून खट्याळ उत्तर मिळाले नसेल. मंगळवेढ्यात गावकुसाच्या भिंतीचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा आणि इतर मजूर दगावले, ही परंपरा मात्र अशा खेळकरपणाला जागा ठेवत नाही. ज्या भिंतीबाहेर त्यांनी राहायचे, तीच बांधायला त्यांना आत बोलावले होते.

घिवलीच्या परिसराला जवळचा जुना ग्रंथ म्हणजे ‘महिकावतीची बखर’. महिकावती म्हणजे केळवे-माहीम. बखरीचा एक भाग केशवाचार्याने शके १३७०, म्हणजे १४४८ मध्ये रचला आणि वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. उत्तर कोकणात कोणती घराणी आली, कोणाला कुठली वृत्ती मिळाली, कोणते राजे झाले, याबद्दल बखर बारकाईने बोलते. बांध कोणी घातले, खाजणे कोणी भातात आणली, हा तिचा विषय नाही. त्याआधीच्या काळासाठी चिंचणीला सापडलेले ताम्रपट आहेत. त्यांतला शके ८४८ चा, म्हणजे ९२६ सालचा ताम्रपट राष्ट्रकूटांच्या अमलात संजाण प्रांतावर मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता हे सांगतो. तांब्यावर जमीन देणारे आणि घेणारे कोरले गेले. ती कसणाऱ्यांनी मागे ठेवलेली नोंद म्हणजे खुद्द बांध.

बोलीतल्या म्हणी मात्र सर्वांच्या असतात. ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण समाजाला एका मापात आणते. गाळात जाणे, माती खाणे, मातीमोल होणे यांत बुडण्याची भीती आहे. ‘चिखलफेक’ हा शब्द आज राजकारणाच्या बातम्यांत इतका झिजला आहे की त्यातला खरा चिखल कोणाला आठवत नाही. पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाल्यावर सावित्रीबाई फुले शाळेत जाताना त्यांच्यावर शेण आणि चिखल टाकला जाई आणि त्या बदलायला दुसरे लुगडे जवळ ठेवत, अशी आठवण सांगितली जाते. इथे चिखल हे समाजाचे रूपक उरत नाही, समाज स्वतःच तो हाताने उचलून फेकतो. चिखल टाकणारे हात ज्या घरांतले होते, तिथे चिखल अंगणात आला तरी सडा टाकून धुतला जाई.

त्याच सुमारास युरोपातही चिखल कादंबरीत शिरत होता. चार्ल्स डिकन्सच्या १८५२-५३ च्या ‘ब्लीक हाउस’ची सुरुवात लंडनच्या रस्त्यांवरल्या चिखलाने आणि धुक्याने होते, आणि तो चिखल पाहता पाहता न्यायालयाच्या कारभारापर्यंत पोचतो. व्हिक्टर ह्यूगोने ‘ले मिझेराब्ल’मध्ये (१८६२) जखमी तरुणाला पाठीवर घेतलेल्या ज्याँ व्हालज्याँला पॅरिसच्या गटारांतून, गळ्याशी आलेल्या चिखलातून चालवले. हा शहराचा चिखल आहे. त्यातून पीक येत नाही, म्हणून त्याचे रूपकही एकाच दिशेने जाते: वर झगमगाट, खाली घाण. मराठी चिखलाला शेताची दुसरी बाजू कायम राहिली, आणि म्हणून त्याचे रूपक कधी पूर्ण काळे झाले नाही.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त (१९३५) आंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून हट्ट करणारा श्याम आहे. आई त्याच्यासाठी आपले ओचे पसरते आणि पाय जपतोस तसे मन जप असे सुचवते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या या पुस्तकातला हा प्रसंग महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना पाठ आहे. चिखल टाळण्याचा संस्कार मनाकडे वळवला हे त्याचे बळ. मात्र पाय चिखलात बुडाल्याशिवाय ज्यांचे पोट भरत नाही, त्यांच्या मुलांना ही गोष्ट शाळेत वाचताना कुठे उभे राहायचे हे त्या धड्याने सांगितले नाही.

ते सांगणारे पुस्तक आले ते पालघर जिल्ह्यातूनच. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुण्याच्या सुशिक्षित घरातल्या, कायद्याचे शिक्षण घेतलेल्या या बाई १९४५ च्या आगेमागे डहाणू, उंबरगाव, तलासरीच्या पाड्यांत वारली आदिवासींबरोबर राहिल्या आणि हिंडल्या. तिथली वेठ समजून घ्यायची तर चिखलणीचा हंगाम समजून घ्यावा लागतो. भाताची आवणी ठरावीक दिवसांतच करावी लागते. रोप वाढून गेले किंवा पाऊस उघडला, की हंगाम हातचा जातो. जमीनदाराचे शेत आधी आणि फुकट लावून द्यायचे असे बंधन आले, की वारल्याच्या स्वतःच्या तुकड्याची वेळ निघून जाणार आणि पुढल्या वर्षी तो पुन्हा कर्जाला उभा राहणार. लग्नासाठी घेतलेल्या पैशापायी नवराबायको दोघेही सावकाराकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. चाक रुतवणारा चिखल असा माणसांनीच तयार केलेला होता.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले, २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारल्यांची सभा झाली, आणि वेठ करायची नाही, दिवसाला १२ आणे रोख मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतात उतरायचे नाही असे ठरले. त्या पावसाळ्यात चिखलात उतरणे न उतरणे ही मजुराच्या हातातली गोष्ट झाली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. परुळेकरांच्या पुस्तकाचे महत्त्व तत्त्वचर्चेत नाही. राबणाऱ्याला घाण म्हणून किंवा देव म्हणून न पाहता त्याच्या हंगामाचा, मजुरीचा आणि भीतीचा हिशेब त्यात मांडला आहे. मराठीत असे लेखन तोवर थोडेच होते. पुढे दलित आत्मकथनांनी हा हिशेब आणखी आतून, स्वतःच्या तोंडाने मांडला.

वारल्यांचे स्वतःचे अभिजात वाङ्मय कागदावर नव्हते. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपायची, त्यावर गेरू फिरवायचा आणि तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायचा, ही रीत बायकांनी सांभाळली. चौकाच्या मध्ये पालघट देवी असते. बाहेरच्यांना ही चित्रे दिसतात, पण वारली बोलीत चौक काढला जात नाही, तो लिहिला जातो. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ही चित्रे लग्नाच्या चौकाबाहेर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या माणसांच्या रांगा, तारपा नाच, आवणी करणारी वाकलेली शरीरे सगळी मातीच्या रंगाच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषेत उभी असतात. चिखल हा तिथे कागद आहे आणि त्याच चिखलातून आलेला तांदूळ ही शाई.

घिवलीच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिखलाचे वेगळेच पर्व सुरू झाले. गावाशेजारच्या तारापूर अणुऊर्जा केंद्राचे पहिले दोन संच २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊ लागले. ५४० मेगावॉटचे दोन नवे संच २००५ आणि २००६ मध्ये आले, आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठून दुसरीकडे वसली. बोईसरच्या बाजूला औद्योगिक वसाहत वाढली, रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आले, आणि सांडपाण्याचा प्रश्न नवापूर-दांडी आणि मुरबे-खारेकुरण या खाड्यांपर्यंत पोचला. मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि लवादाने जानेवारी २०२२ मध्ये कारखान्यांना नुकसानभरपाई भरण्याचा आदेश दिला.

या प्रकरणाच्या भाषेत पंक नाही आणि कर्दमही नाही. त्यात सांडपाणी, प्रक्रिया केंद्र, मासळी आणि उपजीविका हे शब्द आहेत. खाडीच्या गाळात पूर्वी काय मिळत असे याची यादी मात्र काठावरच्या बायकांना अजून तोंडपाठ असते: चिंबोरी, निवटी, कालवे, शिंपल्या.